प्लानुदिसची पत्रं वाचताना

तेराव्या शतकातला बायझंटाईन विद्वान माक्सिमोस प्लानुदिस याची सुमारे १२० पत्रं आज उपलब्ध आहेत. ठाण्यातल्या आपल्या वाचनगटात ज्यांनी ती नुकतीच हातात घेतली आहेत, त्यांना हा माणूस सतत काहीतरी मागतोय असं वाटेल: कुणाकडे पोथी, कुणाकडे चामडं. त्याची विद्वत्ता समजून घ्यायची तर या मागण्यांपासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

चरित्र थोडक्यात. जन्म निकोमेडियात (आजच्या तुर्कस्तानात), १२५५च्या आसपास. मूळ नाव मानुएल, माक्सिमोस हे मठात गेल्यावरचं. आधी राजदरबारात लेखनिक, मग मठवासी आणि शिक्षक. बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये लॅटिन येणारे विद्वान तेव्हा मोजकेच होते. त्याने ऑगस्टीन, बोएथियस आणि ओव्हिड या लॅटिन लेखकांचं लेखन ग्रीकमध्ये आणलं, आणि लॅटिन येतं म्हणूनच सम्राट दुसऱ्या आंद्रोनिकोसने १२९६च्या सुमारास त्याला व्हेनिसला राजदूत म्हणून पाठवलं. मृत्यू १३०५च्या आसपास.

आता चामडं. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कचं लेखन उतरवून घ्यायचं प्लानुदिसने ठरवलं, पण राजधानीत पुरेसं चांगलं चर्मपत्र मिळेना. म्हणून त्याने आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मेल्खिसेदेक आक्रोपोलितिस या मठवासी मित्राला लिहिलं. आकड्यांत सांगायचं तर मोठ्या आकाराच्या पोथीत ४०० पानं धरा, म्हणजे २०० जोडपानं (मध्ये दुमडून दोन पानं होणारे तुकडे). एका मेंढीच्या कातड्यातून एकच मोठं जोडपान निघालं, तर एका पोथीला २०० मेंढ्या लागल्या! शिवाय चार जोडपानं एकात एक घालून आठ पानांची एक जुडी होते. तिच्यात केसांची बाजू केसांच्या बाजूसमोर आणि मांसाची मांसाच्या बाजूसमोर यावी लागते, नाहीतर उघडल्यावर एक पान पिवळट आणि शेजारचं पांढरं दिसतं.

पत्रांतली सर्वांत मोलाची तक्रार अंड्याची आहे. कातडं चुन्यात भिजवून, खरवडून, चौकटीवर ताणून वाळवल्यावर काही कारागीर त्यावर अंड्याचा लेप देत. पान गुळगुळीत आणि चकचकीत होई, गिऱ्हाईक खूश. पण मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई कातड्याच्या तंतूंत शिरली तरच टिकते. लेपावर ती नुसती वर बसते. पानाला पाणी लागलं की लेप सुटतो आणि अक्षरंही त्याच्याबरोबर जातात. म्हणून अंडं न लावलेलंच चर्मपत्र पाठव, असं तो बजावतो. आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत नीट केलेलं चर्मपत्रसुद्धा फुगून वाकडं होतं, तिथे असल्या पानाचं काय झालं असतं!

याच काळात त्याने सेनापती आलेक्सिओस फिलान्थ्रोपिनोसलाही विजयांबद्दल कौतुकाची पत्रं लिहिली. १२९५ साली या सेनापतीने बंड केलं आणि त्याचे डोळे काढले गेले. म्हणून त्या पत्रांच्या तारखा लक्षात ठेवूनच वाचा.

प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटसच्या ‘अंकगणित’ या ग्रंथासाठी त्याने मानुएल ब्रिएनिओस या समकालीन विद्वानाकडे पोथी मागितली, ती आपल्या प्रतीशी ताडून पाहायला. त्याचं आपल्याला जवळचं पुस्तक म्हणजे भारतीय पद्धतीच्या गणनेवरचं. ग्रीक अंक म्हणजे २७ अक्षरं, त्यांत शून्य नाही. प्लानुदिस नऊ अंक आणि ‘त्झिफ्रा’ शिकवतो. शून्याचं अरबीत ‘सिफ्र’ झालं, त्यावरून हा शब्द आला. गुणाकार तिरकस पद्धतीने होतो. २४ × ३५ घ्या. ४ × ५ = २०, शून्य लिहा, हातचे २. मग तिरके: ४ × ३ आणि २ × ५, मिळून २२, हातचे धरून २४. चार लिहा, हातचे २. शेवटी २ × ३ = ६ आणि २, म्हणजे ८. उत्तर ८४०. पडताळा नवाने, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करून: २४चे ६, ३५चे ८, गुणाकार ४८, त्याचे ३, आणि ८४०चेही ३. चूक राहते ती बहुधा तिरक्या पायरीत, हातचा विसरल्याने. शिवाय दोन अंकांची अदलाबदल झाली तर नवाचा पडताळा ती पकडत नाही, हे ध्यानात असू द्या.

प्राचीन ग्रीक भूगोलतज्ज्ञ टॉलेमीचा ‘भूगोल’, म्हणजे गावांचे रेखांश-अक्षांश देणारा ग्रंथ, फार काळ दुर्लक्षित पडला होता. त्याची पोथी प्लानुदिसने १२९५च्या सुमारास शोधून काढली आणि त्या आनंदात हेक्झामीटर या ग्रीक वृत्तात कविता लिहिली. त्या ग्रंथात आपली गावं आहेत: सुप्पारा म्हणजे सोपारा, सिमिल्ला म्हणजे चौल, बैठाणा म्हणजे पैठण, तगर म्हणजे तेर. घोडबंदरवरून सोपाऱ्याला जाणाऱ्या ठाणेकराने हा भाग जरूर वाचावा. मात्र टॉलेमीचा पश्चिम किनारा दक्षिणेकडे उतरत नाही, पूर्वेकडे धावतो, त्यामुळे त्याच्या आकड्यांवरून नकाशा काढला तर भारताचं द्वीपकल्पच नाहीसं होतं. आणि हे आकडे ग्रीक अक्षरांत आहेत. जुन्या मोठ्या लिपीत १, ४ आणि ३० यांची अक्षरं, Α, Δ आणि Λ, इतकी सारखी दिसतात की नकलकाराची नजर जराशी चुकली तरी गाव कित्येक अंश सरकतं. सोपाऱ्याचे रेखांश-अक्षांश छापील आवृत्तीत बघताना आधी तळटीपेतले पाठभेद बघा.