रक्तपेढीतून ‘येऊन भेटा’ असा फोन आला तर

रक्तदानानंतर काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला आणि ‘एकदा येऊन भेटा’ एवढंच सांगितलं, तर लगेच एचआयव्ही झाला असं समजू नका. मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितेय.

मंडळाच्या गणेशोत्सवातल्या शिबिरात मी दरवर्षी रक्त देते. फोनवर कारण सांगितलं नाही ते योग्यच, असल्या गोष्टी फोनवर सांगूच नयेत. पण मी गेले तर समुपदेशक रजेवर. खिडकीवरच्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘कशासाठी आलात?’’ मी हळू आवाजात फोनचं सांगितलं. त्याने रजिस्टर उघडलं, माझ्याकडे बघितलं, रजिस्टर मिटलं. ‘‘मॅडम आल्यावर या. मिस्टरांना घेऊन या.’’ मिस्टरांना कशाला? रक्त मी दिलं होतं. डॉक्टरांना भेटू द्या म्हटलं, तर ते शिबिराला गेलेले. पुन्हा गेले, तर मॅडम अजून रुजू व्हायच्या होत्या. रिपोर्ट गोपनीय आहे, तो दुसरं कुणी सांगू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण मग एक माणूस रजेवर गेल्यावर त्याच्या जागी कोण, हे ठरवायला नको? तोवर मी घरी सासूबाईंसमोर नेहमीसारखी वावरत होते आणि रात्री जागत होते. मुलाचं नखं कापायचं यंत्रसुद्धा वेगळं ठेवलं. तशी गरज नव्हती, पण ते सांगायला कुणी होतंच कुठे?

अखेर मॅडम भेटल्या. एचआयव्हीची एलायझा ही रक्ताची प्राथमिक चाचणी रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागणीचा संशय दाखवणारी, आली होती. त्यांनी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्हीसाठीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्राची, चिठ्ठी दिली. तिथे गेल्यावर कळलं की चिठ्ठीशिवायही कुणीही थेट येऊ शकतं आणि तपासणी फुकट होते. एवढं खिडकीवर लिहून लावलं असतं, तरी माझा त्रास वाचला असता.

आयसीटीसीतल्या ताईंनी दार लावून घेतलं, आधी संमती घेतली आणि मग आकडे मांडले. हजार रक्तदात्यांत दोघांना खरोखर लागण आहे असं धरा. उरलेल्यांत चाचणी चुकून पाच जणांना रिअॅक्टिव्ह दाखवते असं धरा. बोलावणं सात जणांना जाणार, त्यातले पाच निरोगी! रक्तपेढीची चाचणी मुद्दामच अशी कडक असते, कारण ती पिशवी दुसऱ्या कुणाला तरी चढणार असते. एकही खरा रुग्ण सुटता कामा नये. आपल्याला लागण आहे की नाही, ते आयसीटीसीत ठरतं. पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तिथे तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात. माझी पहिलीच चाचणी निगेटिव्ह आली. मी तिथेच रडले.

खिडकीवरच्या त्या नजरेचा राग मात्र अजून आहे. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. तेव्हापासून रक्तपेढ्या आमच्यासारख्या, स्वतःहून हात पुढे करणाऱ्यांवर चालतात. आम्हाला संशयितासारखं उभं करू नका.

हो, एक राहिलं. फॉर्मवर ‘तपासणीत काही आढळल्यास कळवावे का’ असं विचारतात, तिथे ‘हो’ करा आणि स्वतःचाच मोबाइल नंबर द्या, घरचा नको. आणि नुकताच काही धोका पत्करला असेल, तर तपासणी फुकट होते म्हणून शिबिरात जाऊ नका. लागण ताजी असेल तर ती चाचणीत दिसत नाही आणि पिशवी पुढे जाते. स्वतःच्या तपासणीसाठी आयसीटीसी आहे. कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे फोनला पैसे पडत नाहीत. रक्तपेढीतले साहेब-मॅडम रजेवर असतील, तर त्यांची वाट बघत बसू नका, सरळ आयसीटीसी गाठा. आणि निगेटिव्हचा कागद जपून ठेवा, रक्तपेढीत दाखवून तुमच्या नावापुढची नोंद काय राहिली ते विचारा. मी विचारलंय, उत्तर लेखी मागितलंय.