गाडी हळू चालवायचा छंद

माझ्या मॉडेल रेल्वेचा लेआउट बघायला घरी कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती फास्ट पळते? पोरं तर विचारतही नाहीत, सरळ कंट्रोलरची नॉब फुल फिरवतात. मी बघत बसतो. पण खरं सांगू का, या छंदात जे काही सुधारत बसायचं असतं ना, ते बहुतेक सगळं गाडी हळू चालावी म्हणून असतं.

आता हिशोबच बघा. माझा लेआउट आठ बाय चारच्या प्लायवर आहे, कारण आपल्याकडे शीट त्याच मापाची मिळते आणि ती कापायचा जीव होत नाही. स्केल एचओ, म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्यावर अठरा इंच त्रिज्येचे कर्व्ह टाकून फेरा पूर्ण केला तर रूळ भरतात साडेपाच मीटरच्या आसपास. ८७ ने गुणा, पावणेपाचशे मीटर झाले, अर्धा किलोमीटरसुद्धा नाही! आपली २४ डब्यांची खरी एक्स्प्रेस याहून लांब असते, तेवढे डबे जोडले तर इंजिन स्वतःच्याच शेवटच्या डब्यावर जाऊन आदळेल, म्हणून चार डब्यांत भागवायचं. ताशी ६० किमी म्हणजे या स्केलला सेकंदाला जेमतेम १९ सेंटिमीटर, त्या वेगाने एका फेऱ्याला अर्धं मिनिट लागतं. नॉब फुल केली की सहा सेकंदांत गाडी परत हजर, म्हणजे ताशी तीनशेच्या घरात, कर्जत लोकल आणि बुलेट ट्रेनचा वेग. गाडी हळू केली की तोच प्लाय मोठा वाटायला लागतो, फ्लॅटमध्ये जागा वाढवायचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

पण हळू चालवणं हेच अवघड आहे. जोरात जाणारी गाडी धुळीवरून, ढिल्या जोडावरून, कशावरूनही निघून जाते, हळू गाडी मात्र प्रत्येक ठिकाणी अडते. करंट रुळातून चाकात येतो, मध्ये पुण्याच्या धुळीचा एक कण आला तरी इंजिन जागेवर गप्प. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा घेऊन रूळ पुसा, चाकं पुसा. दोन रूळ जोडणारी पट्टी, फिशप्लेट, वरून घट्ट दिसते पण पावसाळा गेला की आतून करंट सोडायला कुरकुर करते, त्यावर भरवसा न ठेवता दर तीनेक फुटांवर रुळाला खालून वायर सोल्डर करायची, हे काम पाठीवर झोपून करावं लागतं आणि वितळलेलं सोल्डर कुठे पडतं ते विचारू नका. मग कंट्रोलर. साधा कंट्रोलर व्होल्टेज कमी करतो, कमी व्होल्टेजला मोटर नुसती गुणगुणते आणि मग एकदम उडी मारते. त्याऐवजी पूर्ण १२ व्होल्टच, पण बारीक बारीक झटक्यांत द्यायचे, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात, आर्डुइनो नावाच्या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डवर घरीच जमतं. त्यानंतर इंजिन स्टेशनातून निघालं तेव्हा निघालंय हे कळायलाच क्षणभर लागला. घरचे म्हणाले, चालू झाली का? मला तर आनंदाने काय करू झालं.

घाट करायची हौस प्रत्येकाला असते, मलाही होती. बोरघाटाचा चढ ३७ ला १, मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावावी लागतात. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर आठ सेंटिमीटर तरी उंची हवी, म्हणजे नुसत्या चढाला तीन मीटर आणि उताराला पुन्हा तेवढेच, सहा मीटर झाले, माझा अख्खा फेरा साडेपाचचा! मग चढ सोडला आणि मधोमध थर्माकोल-पीओपीचा डोंगर घातला. बोगद्यात गाडी मुद्दाम मिनिटभर थांबवायची, पाहुणे म्हणतात पडली वाटतं, पडलेली नसते. माती म्हणून वाळवलेला चहाचा चोथा, खडीवर पातळ केलेलं फेव्हिकॉल आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर पाणी खडीवर मोत्यासारखं गोल होऊन बसतं. माणसं मात्र परदेशी, दोन सेंटिमीटरची, हॅटवाली. त्यांच्या हॅट तासून साड्या-धोतरं रंगवलीत, एकाच्या डोक्यावर वड्यांची पाटी दिलीये, त्याशिवाय माझं स्टेशन कर्जत कसं होणार?

कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून. सगळे तिथे एका वेळी किती गाड्या धावतात ते बघतात, तुम्ही एखादी गाडी थांबताना बघा.

आता डोळा माथेरानच्या छोट्या गाडीवर आहे. ती लाईन १९०७ ची, दोन फुटी, चढ २० ला १, म्हणजे आठ सेंटिमीटर उंची एक मीटर साठमध्ये बसते! दोन फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १:८७ ला सात मिलिमीटर होतं, बाजारात एन या आणखी छोट्या स्केलचे नऊचे रूळ मिळतात, दोन मिलिमीटर जास्त. चालतं हो, आपली ब्रॉडगेज एचओच्या साडेसोळाच्या रुळावर जवळजवळ तीन मिलिमीटर कमीच असते, तेव्हा कोण बोललं? अडलंय ते मोटरवर. ताशी २० किमी धरले तरी सेकंदाला साडेसहा सेंटिमीटर होतात, आणि तेवढ्या हळू, न अडखळता, चढावर फिरणारी छोटी मोटर कुठे मिळाली तर सांगा, पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तपकीर गल्ली पालथी घालून झालीये.