बाथरूमचा सागवानी रॅक : सांगाडा झाला, भिंत बाकी

आधी मापं. उंची ७५० मिमी, रुंदी ४५०, खोली १४०. तीन कप्पे. पाठ नाही, दारं नाहीत आणि कुठेही अखंड फळी नाही. आपल्याकडचं बाथरूम म्हणजे बादली, तांब्या आणि चहूकडे शिंतोडे, त्यामुळे पाणी लागणारच. लाकूड कुजतं ते पाणी उडून नाही, तर दोन आंघोळींच्या मधे ते वाळलं नाही म्हणून. पुढचे सगळे निर्णय याच हिशेबाने घेतलेत.

कप्प्यांसाठी नेहमीची पद्धत म्हणजे बाजूच्या फळीत खाच पाडून आडवी फळी आत सरकवायची. कपाटात ठीक, इथे नको. खाचेत फळीचं आडवं टोक बसतं, लाकूड सर्वात जास्त पाणी तिथूनच पितं आणि नेमकी तीच जागा वाळत नाही. शिवाय १४० मिमी रुंद सागवानी फळी ओलावा चार टक्के वाढला की साधारण १ मिमी फुगते. ३० मिमीची पट्टी तेवढ्याच ओलाव्यात ०.२ मिमीवर थांबते. म्हणून सगळा रॅक ३० मिमी पट्ट्यांचा.

लाकूड

तयार तुकड्यांची बेरीज ०.२ घनफूट भरते. कापणी, रंधा आणि टाकाऊ भाग धरून वखारीतून अर्धा घनफूट घ्यावं. बल्लारशाकडचा माल मिळाला तर उत्तम, पण नावापेक्षा फळी डोळ्यांनी पाहणं महत्त्वाचं. कडेचा फिकट पांढरा पट्टा टिकाऊ नसतो, सागवानाची कीर्ती आतल्या तपकिरी गाभ्याची. पांढरं लाकूड पॉलिशखाली सहज लपतं, म्हणून ते कापतानाच बाजूला काढायचं. ओलावा मीटरवर १२ टक्क्यांच्या आसपास असावा. १६ दिसला तर पट्ट्या जाडसर चिरून पंख्याखाली, मधे काड्या घालून रचून ठेवाव्यात.

फळी सव्वा इंची घेतलेली बरी. रंधा मारल्यावर तिची जाडीच पट्टीची ३० मिमी रुंदी होते. मग उभ्या पट्ट्यांसाठी २२-२३ मिमी आणि कप्प्यांच्या पट्ट्यांसाठी १४-१५ मिमी अशा चिरत जायचं. चिरल्या चिरल्या काही पट्ट्या वाकतात. आतला ताण सुटतो, त्याला इलाज नाही. लगेच मापाला आणल्या तर वाक कायम राहतो, म्हणून ते दोन-तीन मिमी जास्तीचे ठेवायचे आणि अंतिम रंधा पट्टी शांत झाल्यावर मारायचा.

अंतिम मापं अशी:

उभ्या पट्ट्या ४ : ७५० × ३० × २०
आधारपट्ट्या ६ : १४० × ३० × २०
कप्प्याच्या पट्ट्या १२ : ४०६ × ३० × १२
पुढचे कठडे ३ : ४५० × २५ × १०
टांगायची पट्टी १ : ४५० × १०० × २० (वेगळ्या एक इंची फळीतून, नंतर ४५ अंशांत दुभागायची)
खालची मागची पट्टी १ : ४५० × ४० × २०

खाचा आणि सांगाडा

उभ्या पट्टीच्या ३० मिमी तोंडावर ५ मिमी खोल, ३० मिमी उंच खाचा पाडल्या. खालून मोजून ३८ ते ६८, ३६० ते ३९० आणि ६१२ ते ६४२. या मापाने खालच्या कप्प्यात २८० मिमी मोकळी उंची मिळते, पंपाची मोठी बाटली उभी राहते. मधल्यात २१०. वरचा कप्पा उघडा, साबण-ब्रशसाठी.

चारही पट्ट्या शेजारी शेजारी क्लॅम्प करून खाचांच्या रेघा एकदमच माराव्यात. एकेक मोजत बसलं की अर्धा सूत इकडेतिकडे होतो आणि कप्पा डुगडुगतो. मारलेल्या रेघेच्या आतून करवत, मग पटाशी. तळ किंचित खोलगट झाला तरी चालेल, फुगीर नको.

आधारपट्टी २० मिमी जाड आहे. त्यातली ५ मिमी खाचेत जाते, १५ मिमी आत डोकावते. कप्प्याच्या पट्ट्या त्या १५ मिमीवर टेकतात. वजन स्क्रूवर नाही, खाचेच्या ओठावर येतं. चिकटवायला इपॉक्सी. साध्या पांढऱ्या गोंदाला इथे थारा नाही. गोंदच हवा असेल तर वॉटरप्रूफ घ्या. सागवान तेलकट असल्यामुळे दोन्ही तोंडं ॲसिटोनने पुसून, ते उडालं की लगेच चिकटवायची. तासाभराने चिकटवाल तर तेल परत वर आलेलं असतं.

स्क्रू सगळे एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेडचे. साधा लोखंडी स्क्रू ओल्या सागवानात गंजतोच, शिवाय लाकडातल्या टॅनिनमुळे भोवती काळा डाग पसरतो. रत्नागिरी-मालवणकडे, खाऱ्या हवेत, ३१६ घ्यावेत. दर सांध्याला ८ नंबरचे ३० मिमी स्क्रू, दोन, तिरक्या कोपऱ्यांत. आधी ३ मिमी भोक पाडायचंच, नाहीतर पट्टीच्या टोकाला चीर जाते. कोपरेच का, तर आधारपट्टीच्या मधोमध खालून वर जाणारा उभा स्क्रू यायचा आहे. आडवे स्क्रू मधे घातले की दोघांची टक्कर ठरलेली.

कप्प्याच्या पट्ट्या खालून आवळतात: ६ नंबर, ३५ मिमी, डोकं ३ मिमी आत. त्यामुळे स्क्रू पट्टीत ८ मिमी शिरतो आणि वरचा पृष्ठभाग अखंड राहतो. वरून मारलेल्या स्क्रूच्या खळगीत पाणी बसतं. चार पट्ट्यांमधे ६ मिमी फटी. मोजायला ६ मिमीच्या प्लायचे तुकडे मधे सरकवावेत. पट्टीच्या दोन्ही टोकांना २ मिमी जागा मोकळी आहे, ती पाण्यासाठी. कोणी हौसेने लांबी वाढवून ती घट्ट बसवू नये.

कठडा पट्टीच्या वर साधारण ४५ मिमीवर. खालची फट पाण्याला आणि फडक्याला.

पॉलिश

सगळे तुकडे जोडण्याआधी, सहाही बाजूंनी. चिकटवायची तोंडं मास्किंग टेपने झाकून. १८० मग २२० पेपर, थिनरने पुसणं, दोन भागांचा मॅट पीयू (पॉलियुरेथेन), पहिला हात पातळ. टोकांना दोन हात जास्त. दमट दिवशी हात मारला तर हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी भिडतो आणि बारीक बुडबुडे उठतात. ते घासून काढून पुन्हा मारण्याशिवाय गत्यंतर नाही. काम खिडकी उघडी ठेवून, वाफांसाठीचा मास्क लावून. धुळीचा मास्क इथे कामाचा नाही.

स्पिरिट पॉलिश पाण्याने पांढरं पडतं. जवसाच्या तेलावर दमटपणात काळी बुरशी धरते, आणि तेलाची फडकी चुरगळून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात, ती पसरून वाळवावीत.

उरलेलं : भिंत

१०० मिमीची पट्टी ४५ अंशांत चिरून दोन भाग होतात. एक रॅकच्या पाठीला, एक भिंतीला. रॅकचा भाग भिंतीच्या भागावर वरून अडकतो. भिंतीकडचा भाग ४०० मिमीचा करायचा. दोघांच्या बेचक्यात पाणी साचतं, म्हणून भिंतीकडच्या भागामागे प्रत्येक स्क्रूला ३ मिमी एसएस वॉशर. रॅकच्या खालच्या मागच्या पट्टीलाही ३ मिमी रबरी बटणं. लाकूड टाइलला कुठेच टेकत नाही आणि मागे २३ मिमी हवा खेळते.

भोकं चार. नळ आणि शॉवरच्या सरळ वर-खाली ड्रिल लावायचं नाही, बहुधा आतले पाइप तिथूनच गेलेले असतात. टाइलवर मास्किंग टेप, हॅमर बंद, टाइलचं ८ मिमी बिट, हळू. टाइल पार झाली की दगडी बिट आणि मग हॅमर. खोली ६० मिमी. गिट्टी, म्हणजे भोकात बसून स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, टाइलच्या मागे गेली पाहिजे. टाइलमधेच राहिली तर स्क्रू आवळताना ती फुगते आणि टाइल तडकते, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी. भोकात न्यूट्रल सिलिकॉन, मग ५ × ७५ स्क्रू. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची) असेल तर साधी गिट्टी धरत नाही, त्या ब्लॉकसाठीची वेगळी घ्यावी.

लेव्हल आणि टाइलची रेघ जुळत नसतील आणि फरक ४५० मिमीत २ मिमीपर्यंत असेल, तर खुशाल टाइलच्या रेघेला धरून चला. बाटल्या घरंगळत नाहीत, पण तिरका रॅक रोज दिसतो.

रॅकचं वजन पावणेचार किलोच्या आसपास भरेल, सामानासह १५ धरा. टांगल्यावर टाइल ॲसिडने धुवायच्या असतील तर आधी रॅक उचलून बाहेर ठेवायचा. ॲसिडच्या वाफेने एसएसवरही तांबूस डाग येतात.