जुन्या स्टील सायकलचा सीटपोस्ट: छाप २६.४ चा, माप २६.८ चं

मागच्या वेळी फ्रेम साफ करून झाली होती, हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) उघडून ग्रीस भरलं, चाकं सरळ केली, राहिला होता तो सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, जी फ्रेमच्या उभ्या नळीत (सीट ट्यूबमध्ये) उतरते. ही सायकल हातात आली तेव्हापासून सीट हळूहळू खाली उतरायची. पाच-सहा किलोमीटर झाले की गुडघे वर यायला लागायचे मग थांबा, पाना काढा, सीट वर घ्या, बोल्ट अजून आवळा. आधीच्या मालकानेही हेच केलं असणार कारण पोस्ट आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टचे आटे ताणलेले होते आणि वॉशर वाकून वाटीसारखा झाला होता.

पोस्ट बाहेर काढायला एक रात्र गेली. कडेने पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं, सकाळी सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी फिरवत वर ओढली, आला. पोस्टही स्टीलचा होता त्यामुळे फक्त गंजाशीच झगडावं लागलं. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या ट्यूबमध्ये वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की ओलाव्यामुळे अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड फुगतो आणि मग तो पोस्ट हलता हलत नाही, ते काम फार वाईट.

पोस्टवर व्यासाचा छाप होता २६.४ मिमी. नुसत्या छापावर जायचं नव्हतं म्हणून तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मारून जो भाग फ्रेमच्या आत होता तो स्वच्छ केला आणि व्हर्निअरने तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला. २६.३६ ते २६.४०. म्हणजे छाप खरा. आणि बहुतेक जण इथेच थांबतात, जुना २६.४ निघाला की नवा २६.४ मागवतात, मीसुद्धा मागवायच्या बेतात होते.

पण फ्रेम खिडकीपाशी नेली आणि मागून सीट लगच्या (सीट ट्यूबचं वरचं तोंड, जिथे पोस्ट शिरतो) फटीकडे बघितलं. ही उभी फट वरून खालपर्यंत सारख्याच रुंदीची दिसायला हवी. माझी वरती मिटत गेलेली होती, दोन्ही कान (फटीच्या दोन बाजू, ज्यातून बोल्ट जातो) आत झुकलेले. मोजली तर खाली फट जिथे संपते त्या भोकाच्या जरा वर २.९ मिमी आणि वरच्या तोंडाशी १.६. कुणीतरी बारीक पोस्ट घालून बोल्ट आवळत आवळत लगच दाबून टाकलाय. जुना पोस्ट आत होता म्हणजे तो बरोबर होता असं नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आणि या फटीतूनच माप निघतं! ट्यूबचा घेर म्हणजे व्यास गुणिले ३.१४. बारीक पोस्टवर क्लॅम्प आवळला की ट्यूबचं तोंड त्या पोस्टच्या घेराइतकं लहान व्हायला बघतं, आणि लहान व्हायला जागा फक्त त्या फटीत आहे. म्हणून फट जितकी मिटली त्याला ३.१४ ने भागायचं, पोस्ट किती बारीक आहे ते कळतं. माझं मिटलेलं अंतर २.९ वजा १.६ म्हणजे १.३, भागिले ३.१४ म्हणजे ०.४१. २६.४ मध्ये ०.४ मिळवा, २६.८. कागदावर हे उत्तर आलं तेव्हा मी फट पुन्हा मोजली, इतका आनंद झाला होता. अर्थात फट मुळातच वाकडी कापलेली असू शकते किंवा नुसते कान वाकलेले असू शकतात, म्हणून याला इशारा समजायचं, पुरावा नाही.

दुसरी बाजू म्हणजे ट्यूबचा हिशोब. जुन्या स्टील फ्रेमची सीट ट्यूब बाहेरून बहुतेक २८.६ मिमी असते, सव्वा इंचाची नाही हो, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाची. माझी रंगासकट २८.८ भरली, रंग उडालेल्या जागी २८.६. आता वरच्या टोकाला पत्रा ०.६ जाड असेल तर आतला व्यास २७.४, त्यात बसायला थोडी मोकळीक सोडून पोस्ट २७.२. रेनॉल्ड्स ५३१ किंवा कोलंबस एसएल असल्या हलक्या ट्यूबच्या फ्रेमना बहुधा हाच लागतो. पत्रा ०.८ असेल तर आत २७.०, पोस्ट २६.८. ०.९ असेल तर २६.६. ट्यूब जितकी जाड आणि साधी तितका पोस्ट बारीक, आणि मापं ०.२ च्या पायरीने येतात म्हणून अंदाजाने घेऊन चालत नाही. जुन्या फ्रेंच फ्रेमची ट्यूब बाहेरून २८.० असते, तिथे हाच हिशोब खाली सरकतो.

मग आतून मोजायला घेतलं आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. व्हर्निअरचे आतले जबडे फक्त तोंडापर्यंत पोचतात आणि तोंडच दाबलेलं, मला डावी-उजवीकडे २६.३ आणि पुढे-मागे २६.७ मिळालं, ज्यावरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय जबड्यांची धार किंचित सपाट असल्यामुळे गोल भोकात माप थोडं कमीच दिसतं. म्हणून एका सायकलवेड्या मित्राकडून टेलिस्कोपिक गेज (भोकात पसरून आतला व्यास पकडणारं साधन) आणला, फटीच्या खाली उतरवून अडकवला, बाहेर काढून व्हर्निअरवर धरला. एका दिशेने २६.९६, दुसऱ्या दिशेने २७.००. संपला प्रश्न. आत २७, पोस्ट २६.८, पत्रा ०.८, तिन्ही एकमेकांशी जुळले.

तरीही त्याच मित्राचा २६.८ चा पोस्ट घालून बघितला तर तो तोंडातच अडला! या ठिकाणी घाबरून पुन्हा बारीक पोस्टकडे जाऊ नका, दाबलेलं तोंड बरोबर मापाच्या पोस्टलाही आत घेत नाही. आणि हातोडी तर अजिबात नको. आधी फट उघडायची. बोल्ट काढून रुंद स्क्रूड्रायव्हर फटीत घातला, हळू पिळ दिला, मोजलं, पुन्हा थोडा पिळ, असं करत करत वरचं तोंड २.८ वर आणलं. घाई केली तर फटीच्या बुडाशी चीर जाऊ शकते म्हणून मी यात जवळजवळ तासभर घालवला. मग आत चिंधी कोंबली (कानसलेला कीस बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे खाली पेडलच्या आसात, जाऊ नये म्हणून), फटीच्या आतल्या कडेला उभी राहिलेली धार गोल कानशीने काढली आणि काठीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवलं.

आता तोच २६.८ ग्रीस लावून, किंचित पिळत, हाताच्या जोराने खाली गेला. बोल्ट न आवळताही डुगडुगत नव्हता. खात्रीसाठी २६.६ घातला, तो सुळकन गेला पण वरून हलवला की आत टकटक. २७.० तोंडाशीच थांबला. बरोबर पोस्ट हाताला लगेच कळतो हे खरंच आहे.

पोस्टभोवती पत्र्याची शिम (पातळ पट्टी) लावायचं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी, एक वेढा दिला की व्यास ०.२ ने वाढतो, एका पायरीचा फरक असेल तर चालतं. पण मला दोन वेढे लागले असते आणि दोन वेढे एकमेकांवर सरकतात. ज्या मापाचा पोस्ट मिळतो तिथे शिम मला पटत नाही.

नवा २६.८ अ‍ॅल्युमिनियमचा घेतला, भरपूर ग्रीस, नवा बोल्ट, नवा वॉशर. ९ सेंटीमीटर आत आहे, म्हणजे कमीत कमी आत घालायची खूण बुडाली आणि टोक टॉप ट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीच्या) खालच्या कडेच्याही खाली गेलं. लगच्या तोंडाशी चिकटपट्टीची खूण केली. तीन राइड झाल्या, सगळे मिळून ७० किलोमीटर, पट्टी जिथल्या तिथे. आणि चढावर मागून जो कर्र आवाज यायचा, ज्यासाठी मी दोनदा पेडल उघडली होती, तोही गेला.