कापूस वेचणाऱ्या आयांचा दिवस

आज यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या वेचणीला आलेल्या बायकांसोबत दिवस घालवला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे धुऱ्यावरच्या कडुनिंबाला बांधलेल्या झोळीतले लेकरू रडले, की त्याला पाजायला बसलेल्या आईचा तेवढा कापूस कमी भरतो आणि संध्याकाळी काट्यावर तिचीच मजुरी घटते. झोळी हलवायला अनेकदा मोठी बहीण थांबते, म्हणजे तिची शाळा बुडते. गावात अंगणवाडी आहे, पण ती दुपारी बंद होते आणि वेचणी दिवस मावळेपर्यंत चालते. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद केली गेली होती, आणि ती मला फार मोलाची वाटते. खाजगी शेतावर मात्र असे बंधन कोणावरच नाही. २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झालेली प्रसूती रजाही या बायकांपर्यंत पोहोचत नाही. अंगणवाडी सेविकांना वेगळे मानधन देऊन निदान हंगामापुरते अंगणवाडीचे तास वाढवावेत, अशी मागणी ग्रामसभांनी करावी, असे मला कळकळीने वाटते.