दवाखान्याचा भाव

रविवार, रात्री

वाचनालयातला अभ्यासवर्ग आज लांबला. विषय होता आरोग्यसेवा आणि खुली बाजारपेठ. शेतमालाचा बाजार खुला हवा, हे शरद जोशींमुळे इथल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या अंगात मुरलंय. पण दवाखान्याचं नाव काढलं की तीच माणसं म्हणतात, "तिथं नको, डॉक्टर लुटतील."

मला उलट वाटतं. भाव आधी कळत नाही, चार ठिकाणी विचारायची सोय नाही, म्हणून लूट होते. २०२० पर्यंत वैद्यकीय महाविद्यालय काढायला बहुतेक ठिकाणी किमान वीस एकर जमीन लागायची. शिकवायला मास्तर हवेत, रुग्ण हवेत; एवढी जमीन कशाला? अशा अटींनी नवा माणूस दाराबाहेरच राहतो आणि आत बसलेल्याचं फावतं.

एका भाऊंनी स्टेंटचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचा, दाखला दिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं औषध लावलेल्या स्टेंटच्या किमतीवर २९,६०० रुपयांची मर्यादा घातली, रुग्णांचे पैसे वाचले. हे खरं आहे आणि ते मी मान्य केलं. पण त्यानंतर काही कंपन्यांनी आपले नवे स्टेंट बाजारातून काढून घ्यायची परवानगी मागितली, हेही सांगितलं. मग मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाकडे वळलो. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरुवात केली. संस्था विश्वस्तांची आहे, पण चालते ती पैसे देणाऱ्या रुग्णांच्या फीवर, आणि त्यातूनच गरिबांच्या डोळ्यांवर फुकट उपचार होतात. मोतीबिंदूची परदेशी भिंगं महाग पडायची, म्हणून त्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ती स्वतःच बनवायला घेतली. किंमत पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली आली. कुणी हुकूम काढला नव्हता.

मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं, "साप चावल्यावर कुठं भाव करत बसायचं?" आजचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच होता. अशा वेळी निवड नसतेच. तिथं विमा हवा, आणि ज्याला विमा परवडत नाही त्याच्यासाठी सरकारी पैसा हवा. फक्त तो पैसा इमारतीला न मिळता रुग्णाच्या पाठोपाठ जावा, तो नेईल तिथं. मला हे मनापासून पटतं. ताईंना पुरतं पटलं नाही. त्या पुढच्या वेळी यायला हव्यात. पण बाळंतपण, हर्निया, मोतीबिंदू, सोनोग्राफी यांना वेळ असतो. तिथं विचारता येतं.

महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी दर्शनी भागात दरपत्रक लावायचं असा नियम आहे. दर सरकारनं ठरवणं वेगळं, लावायला सांगणं वेगळं. दुसऱ्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. भाषणं पुष्कळ झाली, आता दरपत्रक मागायचं असं ठरलं. तरुण पोरं गावातल्या दवाखान्यांत जाऊन मोतीबिंदू आणि बाळंतपणाचे दर लिहून आणतील आणि डॉक्टरांच्या संमतीनं ते वाचनालयाच्या फळ्यावर लागतील. दोन डॉक्टर आत्ताच तयार आहेत. बाकीच्यांना भेटायला बुधवारी मी जाणार.