गणपतीच्या आधी कार्ड बसलंच पाहिजे

हॉलच्या ज्या कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर असतो, त्याच कोपऱ्यात दरवर्षी आमचा दीड दिवसाचा गणपती बसतो. यंदा, म्हणजे २०२५ ला, चतुर्थी २७ ऑगस्टला. आईने आषाढातच बजावलं होतं, "ते खोकं उघडं टाकून वायरी लोंबत ठेवल्यास तर बघ. मखर लागायच्या आधी सगळं आवरायचं." दोन वर्षं नुसत्या गप्पा चाललेल्या ग्राफिक्स कार्डाच्या अपग्रेडला अशी आयतीच मुदत मिळाली.

मशीन २०१४ चं, असेंबल केलेलं. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ८ जीबीची एकच पट्टी, विंडोज १० आणि जीटीएक्स ७५० टीआय हे २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. एसएसडी नंतर टाकलेली. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्‌झ, मागे फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय. ७५० टीआयला मी नावं ठेवणार नाही. ६० वॉट खातं, वेगळी पॉवरची वायर मागत नाही, अकरा वर्षांत एकदाही रुसलं नाही. पण रेड डेड रिडम्प्शन २ हा गेम लावला की सगळं लो करून, रिझोल्यूशन ९००पी वर आणूनही सेकंदाला २८-३० फ्रेम्सच्या वर जात नव्हतं, आणि घोडा झाडांच्या मागून बाहेर येईपर्यंत झाडं घडतच असायची. त्यात जुलैअखेर कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने जाहीर केलं की मॅक्सवेल आणि पास्कल या कार्डांच्या जुन्या पिढ्यांना गेम रेडी ड्रायव्हर, म्हणजे नव्या गेमसाठी लागणारं कार्डाचं सॉफ्टवेअर, ऑक्टोबरपर्यंतच. म्हणजे माझं कार्ड बाद, आणि ज्याच्यावर डोळा ठेवून होतो ते सेकंड हॅण्ड जीटीएक्स १०६० सुद्धा बाद.

२ ऑगस्ट, शनिवार

दोन आठवडे बेंचमार्कचे, म्हणजे कार्डांचा वेग मोजणारे व्हिडिओ बघून डोळे दुखले. मग लक्षात आलं की हे सगळे आकडे नव्या बोर्डावर, नव्या प्रोसेसरवर काढलेले आहेत. आपल्या डब्याला ते लागूच होत नाहीत.

मला मोह पडला होता आरएक्स ६५०० एक्सटी कार्डाचा. नवं कोरं, वॉरंटीसकट, बजेटच्या आसपास. एका मित्राने विचारलं, "तुझा स्लॉट कुठला आहे?" तेव्हा कुठे मी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडलं. माझ्या आय५ च्या, म्हणजे हॅसवेल पिढीच्या प्रोसेसरला पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) ३.० येतं, पण एच८१ हा स्वस्तातला चिपसेट, त्याच्या बोर्डावर मोठा स्लॉट २.० चाच मिळतो. २.० ची एक लेन सेकंदाला ५०० एमबी नेते. आणि ६५०० एक्सटीची पट्टी दिसायला पूर्ण लांबीची असली तरी आत जोडलेल्या लेन फक्त चार. ४.० च्या बोर्डावर त्या चार लेनमधून जवळजवळ ८ जीबी जातात, माझ्याकडे त्याच चारमधून २ जीबी. वर कार्डावरची मेमरी ४ जीबीच. ती भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) सिस्टिमच्या रॅममधून ओढायचं, तेही याच बोळातून. ठाण्यात कापूरबावडीच्या ट्रॅफिकला रोज अडकणाऱ्याला लेन कमी झाल्या की काय होतं हे वेगळं सांगायला नको.

उलट जीटीएक्स १६६० सुपरला सोळा लेन. २.० च्या सोळा लेन म्हणजे पुन्हा ८ जीबी, म्हणजे ६५०० एक्सटीला नव्या बोर्डावर जेवढा रस्ता मिळतो तेवढाच. शिवाय मेमरी ६ जीबी, आणि ट्युरिंग पिढीचं असल्यामुळे ड्रायव्हर चालू राहणार. रे ट्रेसिंगचे (प्रकाश-सावलीचे) कोअर नाहीत, कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम्स वाढवणारं डीएलएसएस नाही, पण त्याच कामाचं एफएसआर चालतं. हे कार्ड २०१९ चं आहे हे मला मान्य आहे. माझं मशीन त्याहून पाच वर्षांनी थोरलं आहे.

बाकीची नावं पटापट खोडली. आरएक्स ५८० घेतलं तर १८५ वॉट, शिवाय २०४८ एसपीवालं कापलेलं कार्ड ५८० म्हणून गळ्यात पडायची भीती. इंटेलच्या आर्क कार्डांना बोर्डात रिसायझेबल बार ही सोय हवी, ती माझ्या बोर्डात नाही. आरएक्स ६६०० ला आठ लेन, तेवढ्यात चाललं असतं, पण खिशात मावलं नसतं.

१० ऑगस्ट, रविवार

ऐरोली. ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडली, दिघा गाव, मग ऐरोली, पाऊस नुसता भुरभुर. सेकंड हॅण्ड १६६० सुपरच्या जाहिरातीत साडेनऊ हजार लिहिले होते. मी फोनवर एकच अट घातली होती: कार्ड तुझ्याच मशीनमध्ये लावलेलं असू दे, चालताना बघून घेणार.

मुलगा कॉलेजातला. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "दादा, मायनिंगचं नाहीये हां, आईशप्पथ."

हे वाक्य १६६० सुपर विकणारा प्रत्येक जण म्हणतो. या कार्डाची मेमरी बँडविड्थ ३३६ जीबी प्रति सेकंद, त्यामुळे मायनिंग करून, म्हणजे कार्डं दिवसरात्र गणितं सोडवत ठेवून, इथेरियम हे डिजिटल चलन कमावणाऱ्यांचं ते लाडकं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि ही कार्डं पोत्याने बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं मी मानत नाही, कोअर निवांत ठेवून चालवलेलं असतं बिचारं. झिजतात ते पंखे, आणि मेमरीवरचे थर्मल पॅड तेल सोडतात. म्हणून आधी पंखे बोटाने फिरवून बघितले, डगमग नव्हती. मागच्या बाजूला टॉर्च मारला, तेलाचे डाग नव्हते. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नाव नीट आलं, कार्डात बनावट बायोस (आतलं सॉफ्टवेअर) असता तर तिथे फेक म्हणून दिसलं असतं. मग फरमार्क ही कार्ड तापवणारी टेस्ट पंधरा मिनिटं. तापमान ७४ वर जाऊन थांबलं, स्क्रीनवर ठिपके नाहीत, रेघा नाहीत. त्याची आई मध्येच येऊन बघून गेली की हा माणूस पंधरा मिनिटं फिरणाऱ्या केसाळ गोळ्याकडे टक लावून का बसलाय. जाताना चहा मात्र दिला.

बिलही निघालं, २०२१ चं. किंमत वाचून आम्ही दोघंही हसलो, तो जरा कमी हसला. ८,५०० ला सौदा झाला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा दिवस, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सगळ्यात महत्त्वाचा.

माझ्या जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं. कोणी विचारलं की मी रुबाबात "साडेचारशेचा आहे" म्हणून सांगायचो. परवा खोकं उघडून त्याचं बारीक अक्षरातलं लेबल पहिल्यांदा वाचलं. १२ व्होल्टच्या लाइनवर १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. कार्डाला १२५ वॉट, प्रोसेसरला ८४, हेच २०९ झाले. डिस्क, पंखे अजून मोजलेच नाहीत. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली, ज्यांचा कार्डाला काडीचा उपयोग नाही. मशीन अकरा वर्षं चाललं ते ७५० टीआयच्या साधेपणामुळे, याच्या जिवावर नव्हे.

ऑफिसातून हाफ डे घेतला, ठाण्याहून फास्ट, दादरला वेस्टर्न बदलून ग्रँट रोड. कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला भडकमकर मार्ग म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पहिल्या दुकानात कार्डाचं नाव सांगितल्यावर शेठनी नवा एसएमपीएस दाखवायच्या ऐवजी दोन मोलेक्समधून (जुन्या चार पिनच्या प्लगांमधून) कार्डासाठी आठ पिन काढणारा जुगाड काउंटरवर ठेवला, "दीडशे रुपये. चालतं, सगळे नेतात." आठ पिनच्या कनेक्टरमधून १५० वॉटपर्यंत ओढायची मुभा असते. ते दोन मोलेक्सच्या बारीक वायरींतून, तेही १६ अँपिअरवाल्या डब्यावर? सगळे नेत असतील, मी नेला नाही. तिसऱ्या दुकानात ४५० वॉटचाच, पण १२ व्होल्टवर ३६ अँपिअर लिहिलेला, ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवणारा) एसएमपीएस मिळाला. २,९०० रुपये, पक्क्या बिलासकट. त्याच गल्लीत ८ जीबीची जुनी डीडीआर३ पट्टी ८०० ला आणि एचडीएमआय टू डीव्हीआय केबल घेतली. नव्या कार्डावर व्हीजीएचा सिग्नलच नसतो, तिथे चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. डीव्हीआयला मात्र साधी केबल पुरते, सिग्नल एकच आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. खाली डीजे, वर मी आणि स्क्रूड्रायव्हर. बाहेर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून कॅबिनेटमध्ये जी धूळ साचलीय ती पेंटब्रशने झाडताना अर्धा तास गेला.

कार्ड लांबीला हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पोचलं, मध्ये जेमतेम बोटभर जागा. खालचे दोन साटा पोर्ट (डिस्क जोडायचे) त्याच्या पोटाखाली गेले. एच८१ वर चारांपैकी दोनच पोर्ट ६ गिगाबिटवाले, म्हणजे वेगवान, असतात, आणि झाकले गेले ते नेमके तेच. म्हणून आधी कार्ड काढलं, एसएसडीची केबल लावली, मग पुन्हा कार्ड.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. बीप येत असणार, पण खाली "गोविंदा आला रे" चालू असताना बीप कोण ऐकतंय! कान कॅबिनेटला लावला तेव्हा लांब लांब बीप ऐकू आले. आठ हजार पाचशे गेले म्हणून पोटात गोळा आला. कार्ड काढलं, मॉनिटर बोर्डाला लावला, तरी काळं. म्हणजे कार्डाचा दोष नाही. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, पुतण्याच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन सोनेरी टोकं घासली, परत टकटक बसवल्या. चालू. ठाण्याच्या दमट हवेत अकरा वर्षं एका जागी बसलेली पट्टी मी कार्ड दाबून बसवताना हलवली होती, एवढंच. खोडरबर आपल्या टूलकिटमध्ये पहिल्या नंबरवर असायला हवं.

जुना ड्रायव्हर डीडीयू या प्रोग्रॅमने सेफ मोडमध्ये साफ केला, नवा टाकला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस असा की लोकलच बंद. घरून काम, आणि कामाच्या अधेमधे टेस्टिंग.

जीपीयू-झेड मध्ये आधी "x१६ १.१" बघून दचकलो. कार्ड रिकामं बसलं की वीज वाचवायला लिंक खाली येते. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट लावली तेव्हा "x१६ २.०" आलं. सोळाच्या सोळा लेन.

रेड डेड २, १०८०पी, मध्यम-हाय मिश्र सेटिंग. डोंगरात, जंगलात ६० ला टेकून, कार्ड ९७ टक्के. इथे मी घरात एकटाच ओरडलो. मग गेममधल्या सेंट डेनिस शहरात शिरलो आणि फ्रेम्स ४० वर. कार्ड ६२ टक्के, प्रोसेसर १००. चार कोअर, चार थ्रेड (एका वेळी चारच कामं), गर्दीत श्वास लागतो त्याला. सेटिंग लो करून बघितलं, शहरात एक फ्रेम वाढली नाही, कारण कार्ड आधीच रिकामं बसलं होतं. दुसऱ्या पट्टीमुळे रॅम ड्युअल चॅनल (दोन वाटांनी चालणारी) झाली तिचा फरक मात्र दिसला. एक पट्टी काढून तोच रस्ता पुन्हा फिरलो तर झटके स्पष्ट वाढले. ८०० रुपयांत यापेक्षा चांगली खरेदी या मशीनसाठी नाही.

आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाच्या व्होल्टेजचा कर्व्ह खाली ओढून १८०० मेगाहर्ट्‌झ ८५० मिलिव्होल्टवर बसवलं. तापमान ७५ वरून ६८. पंख्यांचा आवाज आईला टीव्हीच्या वर ऐकू येईनासा झाला, ही कसोटी फरमार्कपेक्षा कडक आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

२५ तारखेला टेबल रिकामं करून दिलं. मशीन चार दिवस बेडरूममध्ये पलंगाखाली. विसर्जन होऊन कोपरा परत मिळाला तो रांगोळीच्या कणांसकट, म्हणून पुढच्या पंख्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावलाय.

मधल्या काळात झेऑन ई३-१२३१ व्ही३ प्रोसेसर मिळवला, जुना, २,४०० ला. सॉकेट तोच एलजीए ११५०, कोअर चार पण थ्रेड आठ. एच८१ वर टाकायच्या आधी बोर्ड बनवणाऱ्याची सपोर्ट यादी बघा, माझ्या बोर्डाच्या यादीत होता. साधी रॅम चालते. इंटेलच्या स्टॉक कूलरच्या पुश पिनांनी अंगठ्याचं साल काढलं ते वेगळं.

सेंट डेनिस, तोच रस्ता, तीच वेळ: ४० च्या जागी ५४-५५, आणि कार्ड ९० च्या पुढे. मी ५० फ्रेम्सवर कॅप (मर्यादा) लावून टाकली, चढउतार गेली.

एकूण खर्च केबल धरून १५ हजारांच्या आत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय आणि या प्रोसेसरना ११ अधिकृतपणे चालत नाही, त्याचं काय करायचं ते दिवाळीत बघू. जुना आय५ विकायला काढला होता, पण परत ठेवून दिला. झेऑनला स्वतःचं ग्राफिक्स नाही, उद्या कार्डाने मान टाकली तर बोर्डाच्या पोर्टवर काहीच दिसणार नाही. आय५ आणि ७५० टीआय दोन्ही आता कपाटात, मखराच्या लाइटिंगच्या खोक्यात.